राहत्या घरी

आमच्याकडे यायचं तर डिंगोऱ्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडायचा आणि उसातल्या वाटेने आत वळायचं. फाट्यावर कुणालाही विचारा, तो हात करून सांगतो, "ते काय, म्हातारी मान्सं ठिवत्यात ते घर." पूर्वी मला या वाक्याचं काही वाटायचं नाही. मीही तसंच बोलायचे. फोन यायचा, "मॅडम, आईला ठेवायचंय, जागा आहे का?" मी म्हणायचे, "आहे, घेऊन या." सात-आठ खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर, स्वयंपाकाला लता आणि सगळ्यावर देखरेखीला मी. ठेवणारे ठेवून जायचे, आम्ही सांभाळायचो. सोजरबाई आली आणि तिने 'ठेवणं' हा शब्दच आमच्या घरातून हद्दपार केला.

ती आली तीही एकटीच. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला एक टेम्पो गेटाशी थांबला आणि ड्रायव्हरशेजारून एक उंच, हाडाची बाई खाली उतरली. पांढरं पातळ, नाकावर घसरलेला जाड चष्मा, हातात छत्री. मागून ड्रायव्हरने पत्र्याची ट्रंक उतरवली. मी गाडीत आणखी कोणी आहे का ते पाहिलं. कोणीच नव्हतं.

"सोबत कोण आहे तुमच्या?" मी विचारलं. "म्हणजे, तुम्हाला ठेवायला कोण आलंय?"

तिने ट्रंक अंगणात मांडली, त्यावर बसली आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ठिवत्यात ती भांडी," ती म्हणाली. "न्हाईतर मंग बाई. मी दोन्हीतली न्हाई. मी ऱ्हायला आलेय."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली लता पदर तोंडात कोंबून आत पळाली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. एवढ्या वर्षांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. तरी मी तिला खोली दाखवली.

सोजरबाई मूळची लोणीची, म्हणजे आंबेगाव तालुक्याच्या पार पूर्वेची. नवरा ऐन तारुण्यात गेला आणि त्याच्या जागी तिला तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई म्हणून घेतलं. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणं हीच तिची नोकरी. किती साहेब आले नि गेले, स्टूल तिचंच. आमच्याकडे आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने लताचं भाजी चिरायचं स्टूल उचललं आणि गेटाशी नेऊन टाकलं. लता कुरकुरली. सोजरबाई म्हणाली, "तू उभ्यानं चिर. हितं मान्सं येत्यात."

खरं म्हणजे आमच्याकडे माणसं फारशी येत नसत. जी येत ती घाईत येत. दिवाळीच्या सुमारास चारचाकी थांबे, फराळाचा पुडा हातात असे, आणि गाडीचं इंजिन चालूच. असाच एकदा आमच्या ताराकाकूंचा मुलगा आला. ताराकाकू म्हणजे महाळुंगे पडवळच्या मोठ्या बागायतदार घरातल्या, सोजरबाईच्या खोलीतल्याच. मुलगा पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. गेट उघडताच तो तसाच आत निघाला, तर छत्री आडवी आली.

"कोन पायजे?"

"आईला भेटायचंय. जरा घाईत आहे हो, पाच मिनिटांत निघायचंय."

"नाव?"

त्याने हसतहसत नाव सांगितलं. सोजरबाई हसली नाही. आत गेली. ताराकाकू ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांना काही न सांगता ती माठातलं पाणी प्यायली आणि परत गेटाशी आली. "बसा. साहेब कामात हायेत."

"कोण साहेब?"

"तुमची आई."

तो बाकावर बसला. थोड्या वेळाने उठला, पुन्हा बसला. शेवटी वैतागून माझ्या नावाने हाका मारायला लागला. तेव्हा सोजरबाई त्याला शांतपणे म्हणाली, "वाट बघावी लागती, भाऊ. त्याबी बघत्यात." आणि बाजूला झाली. त्या दिवशी तो जेवून गेला. मी सोजरबाईला फैलावर घेतलं, की हे सरकारी ऑफिस नाही आणि येणारे लोक आपले पाहुणे आहेत. ती म्हणाली, "पावनं हायेत म्हनूनच बसवलं. पावन्याला उभ्यानं कोन धाडतं?"

ताराकाकूंचं नि तिचं सुरुवातीला जमत नव्हतं. सोजरबाई खोलीत आल्या दिवसापासून काकूंनी पाण्याचा आपला तांब्या वेगळा ठेवला. का ठेवला ते सगळ्यांना कळलं. सोजरबाईलाही. उशाशी बाबासाहेबांची तसबीर लावणारी बाई ती, तिला न कळून कसं चालेल? मला वाटलं आता जुंपणार. सोजरबाईने तीन-चार दिवस नुसतं पाहिलं आणि मग भर जेवणाच्या पंगतीत म्हणाली, "काकू, तांब्या येगळा ठिवला ते बेस केलं. मीबी त्याला हात लावनार न्हाई. सकाळी उठून तुमी हात न धुता त्यात बुडवता, मी बघितलंय." पंगत हसली. काकूंचं तोंड रडवेलं झालं. दुसऱ्या दिवशी तांब्या स्वयंपाकघराच्या फळीवर गेला आणि नंतर त्यात लता मीठ ठेवायला लागली. पुढे या दोघी इतक्या एक झाल्या की काकूंना दात नसल्याने सोजरबाई त्यांच्यासाठी भाकरी दुधात कुस्करून द्यायची, आणि काकू तिला खडीसाखर चोरून द्यायच्या, कारण सोजरबाईला साखरेचं पथ्य होतं.

आमचं खरं भांडण झालं ते कुलपावरून. आमच्याकडे गेटाला कुलूप असायचं. नातेवाइकांचा फोन आल्याशिवाय कुणाला बाहेर सोडायचं नाही, असा नियम. नियम मीच केलेला, आणि उगाच केलेला नाही. चहूबाजूंनी ऊस, आणि जुन्नरच्या उसात बिबट्या असतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एका आठवड्यात शेजारच्या मळ्यातलं कुत्रं त्याने नेलं. आणि नेमक्या त्या आठवड्यात सोजरबाई नाहीशी झाली. दूधवाला आला तेव्हा कुलूप काढलं होतं, तेवढ्यात ती निघाली. आम्ही उसाच्या कडेकडेने हाका मारत फिरलो. लता तर रडायलाच लागली. दिवस कलता कलता एका पिकअपमधून बाईसाहेब उतरल्या. ओतूरचा बाजार करून आल्या होत्या. पिशवीत मेथी, आणि काकूंसाठी हिरव्या बांगड्या.

मी जे तोंडाला येईल ते बोलले. "बिबट्या फिरतोय, माहीत नाही का तुम्हाला?"

"मला ठाव हाये. त्याला ठाव न्हाई, मी कोन हाये ते."

"थट्टा करू नका. काही झालं असतं तर तुमच्या मुलाला काय सांगायचं मी?"

"त्याला कशाला सांगायचं? माझी नातेवाईक मीच." मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "नंदाबाई, तू रोज त्याच उसातनं स्कुटीवर येते-जाते. बिबट्यापायी तुझ्या घरच्यांनी तुला कुलूप लावलं का? जनावराचं भ्या सगळ्यास्नी सारखं. मंग कुलूप आमालाच का?"

माझं अजूनही मत आहे की माझं चुकलं नव्हतं. बिबट्या खरा होता. पण ही बाई माघार घेत नाही हे मला कळून चुकलं होतं. कुलूप गेलं. त्याच्या जागी घुंगरं बांधलेली काठी आली. बाहेर पडायचं तर दोघांनी, काठी आपटत, मोठ्याने बोलत, आणि उजेड आहे तोवर परत. आमच्या बाया इतक्या मोठ्याने बोलत जायच्या की बिबट्याच तालुका सोडून गेला असेल.

ती घर सोडून का आली, हे मी तिला एकदा विचारलं. लोणीला घर चांगलं होतं. मुलगा प्रकाश, त्याचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं, रिवायंडिंगचं दुकान. "सून वाईट वागते का?" मी म्हटलं.

"न्हाई गं, लई चांगली. वाईट असती तर भांडत बसले असते, येळ गेला असता. ती आपली म्हनायची, आई, तुमी नुसतं बसा. पानी मागायच्या आधी पानी. दारात गेले तर म्हनायची, आई, ऊन हाये, आत बसा. कोन आलं-गेलं मला इचारायची सोय न्हाई." तिने चष्मा पुसला. "ठिवलं व्हतं ते तिथं मला. हितं मी ऱ्हाते."

रोज सकाळी पेपर आला की तो आधी तिच्याकडे जायचा, आणि ती शेवटून वाचायला सुरुवात करायची, म्हणजे निधनवार्तेपासून. मोठ्याने वाचायची. कोण गेलं याच्याशी तिला देणंघेणं नसे. कुठे गेलं, ते ती शोधायची. "'राहत्या घरी निधन झाले.' ऐका काकू. ऱ्हात्या घरी. किती ग्वाड शबुद हाये." आणि मग मला बजावायची, "माजंबी असंच छापायचं. डिंगोऱ्याला, ऱ्हात्या घरी."

मी हसून सोडून द्यायचे. कारण असं कोणी छापत नाही, हे मला माहीत होतं. आमच्यातले दामूअण्णा गेले, तेव्हा पेपरात आलं, 'अल्पशा आजाराने निधन झाले'. कुठे, ते नाहीच. मुलांनी मुद्दामच टाळलं असणार. सोजरबाई दिवसभर जेवली नाही. "कुठं मेला मानूस? हवेत? येवढी वर्सं हितं ऱ्हायला, हितं हसला, हितं भांडला, आन मरताना त्याला पत्ताच न्हाई?" तेव्हा मला कळलं, की हे तिचं बोलणं थट्टेचं नाही. जगात तिला एवढीच एक गोष्ट हवी होती, आणि ती नेमकी तिच्या हातात नव्हती. छापणार प्रकाश होता.

आणि प्रकाशला तर आई इथे असते हेच लपवायचं होतं. त्याच्या मुलीचं, प्रज्ञाचं, लग्न ठरलं तेव्हा तो आला. स्वभावाने वाईट नाही, पण भावकीला भिणारा.

"आई, लग्नापर्यंत घरी चल. नंतरही तिथंच राहा. पाहुणे विचारतात, आजी कुठं असतात."

"मंग सांग की."

"काय सांगू? आईला आश्रमात ठेवली म्हणून? तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

"तू ठिवलीच न्हाई, तर सांगतोस कशाला?" सोजरबाई म्हणाली. "न केलेल्या कामाची सही करू नये."

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, या महिन्यापासून तिला ठेवू नका. मी सांगतोय."

नातेवाइकांनी सांगितलं की आम्ही ऐकतो, आमचं सगळं त्याच्यावरच चालतं. पण सोजरबाई माझ्याकडे पाहत होती, आणि गेटाला कुलूप नव्हतं. मी म्हटलं, "प्रकाशभाऊ, त्यांना तुम्ही आणलं नाही. त्या आल्या. जायचं झालं तर त्याच जातील." तो चहा न घेता गेला. सोजरबाईने मला शाबासकी वगैरे काही दिली नाही. स्टूल जरा सावलीला ओढून घेतलं, एवढंच.

लग्नाला मात्र ती गेली. मी नि ताराकाकू बरोबर. मंचरजवळचं मंगल कार्यालय, मांडव भरलेला. आमच्याकडच्या लग्नांत नवरा-नवरीपेक्षा माइकवाल्याला महत्त्व जास्त. माजी उपसरपंच आले, सोसायटीचे चेअरमन आले, सगळ्यांचं स्वागत झालं, आणि मग माइकवाला कागदावरचं वाचायला लागला, "आता आशीर्वाद देतील नवरीच्या आजी, ज्या मुलाच्या सावलीत आपलं उर्वरित आयुष्य सुखाने घालवत आहेत..." कागद कोणी लिहून दिला होता ते सांगायला नको. प्रकाश खाली मान घालून फुलांचं ताट सारखं करत होता.

सोजरबाई स्टेजवर चढली. माइक हातात घेतला, त्यावर दोनदा टिचकी मारली.

"यात एक दुरुस्ती हाये," ती म्हणाली.

माइकवाल्याने कागद खाली केला.

"मी सावलीत ऱ्हात न्हाई. मी डिंगोऱ्याला ऱ्हाते, माज्या पेन्शनीत. पोरगा माजा चांगला हाये, सून त्याच्याहून चांगली. मला कुनी हाकललं न्हाई आन कुनी ठिवलंबी न्हाई. ज्याला भेटायचं त्यानं खुशाल यावं, गेटावर मीच असते." मग ती नवरीकडे वळली. "प्रज्ञे, तू आता सासरी चालली. लोकं चांगली दिसत्यात. पर त्यांनी कितीबी चांगलं ठिवलं तरी ठिवून घ्यायचं न्हाई. ऱ्हायचं. जय भीम."

मग ताराकाकूंनी टाळ्या वाजवल्या, हिरव्या बांगड्या खळखळ वाजवत, आणि मग सगळा मांडवच वाजवायला लागला. प्रज्ञा रडत होती नि हसत होती. पंगतीत नवरदेवाची आजी माझ्या शेजारी येऊन बसली आणि वाढपी पुढे गेल्यावर हळूच म्हणाली, "तिथं आणखी जागा आहे का हो?"

प्रकाश मात्र त्यानंतर आलाच नाही. फोन नाही, निरोप नाही. सोजरबाई त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नसे, पण उसातून गाडीचा आवाज आला की चष्मा वर सरकवायची. पावसाळा गेला, कांद्याची लावण झाली, आणि एका दुपारी तो मोटरसायकलवर आला. मी ओसरीवर होते. मला वाटलं आता ती उठून त्याला जवळ घेईल.

"कोन पायजे?" छत्री आडवी.

"आई, पुरे आता."

"नाव?"

तो तसाच उभा राहिला. मग गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाला, "प्रकाश महादू. लोणीहून आलोय."

"कोनाला भेटायचंय?"

"सोजरबाईंना. त्या... इथं राहतात ना?"

"ऱ्हात्यात," ती म्हणाली. "बसा. जेवन व्हायचंय त्यांचं."

आणि खरंच आत येऊन जेवायला बसली. एरवी अर्धी भाकरी खाणारी बाई त्या दिवशी दीड भाकरी जेवली, सावकाश, प्रत्येक घास चावून. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी पाहते आहे म्हटल्यावर लतावर डाफरली, "ठेचा केवढा तिखट केलाय गं!" त्या दिवशी पानात ठेचा नव्हताच. बाहेर प्रकाश वाट पाहून कंटाळला आणि मागे जाऊन आमची किरकिरणारी पाण्याची मोटर उघडून बसला. त्यानंतर तो महिन्याच्या महिन्याला यायचा. दर वेळी गेटावर नाव सांगायचा.

पुढे तिचं हृदय थकलं. प्रकाशने तिला नारायणगावला दवाखान्यात नेलं, धावपळ केली, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. आमच्याकडे माणसाने शेवटचा श्वास स्वतःच्या घरात सोडावा असं मानतात. अॅम्ब्युलन्सवाल्याने विचारलं, कुठे घ्यायची. प्रकाशच्या भावकीतले दोघे होते, ते म्हणाले, "लोणी." प्रकाशने आईकडे पाहिलं. तेव्हा तिला बोलायचं बळ नव्हतं. पण तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं म्हणे, की तो म्हणाला, "डिंगोरे."

खाट आम्ही ओसरीवर टाकली, गेट दिसेल अशी. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी निघाले, तेव्हा तिने बोटाने मला खुणावलं. मी कान जवळ नेला. "कडी घालू नको," ती कसंबसं म्हणाली. "नुसतं लोट." मी गेट लोटून घेतलं आणि वळून पाहिलं. घसरलेल्या चष्म्यातून ती मी कडी घालते का तेच पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. काकू तिचा हात धरून बसल्या होत्या. त्यांनी हात सोडला नाही म्हणून आम्हीही सोडवला नाही. प्रकाश अंगणात फोनवर पेपरच्या बातमीदाराशी बोलत होता. भावकीतले ते दोघे त्याच्या शेजारीच उभे होते. त्याने नाव सांगितलं, वय सांगितलं, मागे कोण कोण आहे ते सांगितलं. मग पलीकडच्याने ठिकाण विचारलं असणार.

"डिंगोरे," प्रकाश म्हणाला. "डिंगोरे येथे राहत्या घरी."

पलीकडून काहीतरी शंका आली. शेजारच्यांपैकी एकाने त्याचा दंड धरला. प्रकाशने तो सोडवून घेतला.

"न्हाई न्हाई, चुकत न्हाई माझं," तो ओरडूनच बोलला, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. "लोणीचं घर माझं हाये. आईचं डिंगोऱ्याला. ती हितंच ऱ्हात व्हती."